खालच्या गल्लीची पाहुणी

समोरच्या गच्चीवर निळा शर्ट वाळत होता आणि तो बघून कात्रीआत्याचं डोकं फिरलं. शर्ट सुलटा घातला होता. भर उन्हात, सुलटा! "अरे मेल्या, रंग उडेल ना त्याचा," ती गॅलरीतल्या गॅलरीत पुटपुटली. कपडे उलटे करून वाळत घालावेत हे त्या पोराला लहानपणापासून सांगून तिच्या जिभेला घट्टे पडले होते. पण पालथ्या घड्यावर पाणी! गच्ची तिची, दोरी तिची, शर्ट तिने स्वतःच्या हाताने शिवलेला आणि तो वाळत घालणारा भाचाही तिचाच. मध्ये फक्त एक चौक. इकडून जोरात शिंकलं तर तिकडच्याने "जपून" म्हणावं, एवढंच अंतर. पण तिथे पाय टाकायची तिला बंदी होती आणि ती बंदी तिने स्वतःच्या तोंडाने कबूल केली होती. मग ओरडणार कुणावर?

"उद्या," ती शर्टाला म्हणाली. "उद्या येते आणि बघते तुझ्याकडे."

आता हे काय प्रकरण आहे ते आधी सांगायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल बाई शर्टाशी काय बोलते.

चौकाच्या एका अंगाला वरची गल्ली, दुसऱ्या अंगाला खालची. दोन्हीकडची पोरं एकमेकांच्या उरावर बसलेली. कारण विचाराल तर कुणालाच धड सांगता यायचं नाही. कुणी कुणाला बाकावरून उठवलं, कुणी कुणाकडे बघून हसलं, बस्स. आणि अशाच एका फुटकळ कारणावरून एका संध्याकाळी चौकात चाकू निघाला आणि खालच्या गल्लीतला एक मुलगा मेला. एकुलता एक. त्याची आई बेकरीत कामाला. मारणारा वरच्या गल्लीतला, तो तुरुंगात गेला. पण त्या वेळी कात्रीआत्याचा भाचाही तिथेच होता. त्याला सगळे ढाण्या म्हणत. त्या दिवसापासून वरच्या गल्लीतली पोरं त्यालाच आपला म्होरक्या मानायला लागली आणि खालच्या गल्लीतली पोरं बदल्यासाठी त्याचाच नंबर लावून बसली.

चौकातल्या जुन्या गोदामात तेव्हा नर्सबाईंनी नुकतंच सेंटर सुरू केलं होतं. बाई सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या. अपघात विभागात त्यांनी ज्यांना टाके घातले, पुढे त्यांचीच पोरं टाके घालून घ्यायला यायला लागली, तेव्हा बाई वैतागल्या. म्हणाल्या, मी शिवत बसायचं आणि यांनी उसवत बसायचं, हे किती दिवस? सेंटरमध्ये त्यांनी सायकल दुरुस्तीचं वर्कशॉप काढलं, बॉक्सिंगची पोती टांगली, रविवारी सगळ्यांनी गोल करून बसायची पद्धत पाडली. टेबलटेनिसची एक जुनी बॅट होती, ती हातोहात फिरायची. ज्याच्या हातात बॅट त्यानेच बोलायचं, बाकीच्यांनी तोंडाला कुलूप. बोलायचं नसेल तर बॅट पुढे द्यायची.

पण बॅटने काय होतंय? बदला कुठे थांबतो? तेव्हा नर्सबाईंनी डोकं लढवलं. दोन्ही गल्ल्यांनी एकेक माणूस समोरच्या गल्लीत पाहुणा म्हणून राहायला पाठवायचा. माणूस असा हवा, ज्याच्यावर पोरांचा जीव आहे आणि ज्याला पोरं टरकतातही. आपली आत्या ज्या गल्लीत झोपलीय तिथे कोण दगड मारणार? आपला मामा ज्या घरात जेवतोय तिथे चाकू घेऊन कोण जाणार? जोवर पाहुणे आहेत तोवर कुणी हात उचलायचा नाही. पाहुण्यांनी आपल्या गल्लीत पाऊल ठेवायचं नाही, भेटीगाठी सेंटरमध्ये. आणि वातावरण निवळलं की तारीख ठरवून दोघांनी एकाच वेळी चौक ओलांडून आपापल्या घरी जायचं.

वरच्या गल्लीतून कात्रीआत्याशिवाय दुसरं नाव निघणार नव्हतंच. धंदा शिवणाचा आणि जीभ कात्रीची. भावाच्या माघारी ढाण्याला तिनेच वाढवलेलं. आणि खालच्या गल्लीतून निवडला ड्रायव्हरमामा, बस चालवून निवृत्त झालेला. त्याचा भाचा बोका हा खालच्या पोरांचा म्होरक्या. मामा वरच्या गल्लीत गेला तो परत यायचं नाव घेईना. तिथे त्याला जावयासारखा ठेवला होता, दुपारी पत्ते, संध्याकाळी पत्ते. घरी सुनेच्या हातचं मुकाट गिळावं लागायचं ते वेगळंच. आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय!

आत्याला कुठे ठेवायचं असा प्रश्न आला तेव्हा सेंटरमध्ये कुणी मान वर करेना. मग बेकरीवाली उठली. म्हणाली, "माझ्या घरात एक खाट रिकामी आहे." एवढं बोलली आणि खाली बसली.

तेव्हापासून आत्या त्या खाटेवर झोपत होती. खाटेच्या वर खिळा, खिळ्याला त्या मुलाचं दप्तर. बेकरीवाली त्या दप्तराला हात लावायची नाही आणि लावू द्यायची नाही. वागायला बाई सोनं. पहाटे कामाला जायची, येताना गरम पाव आणायची आणि कडेचा खरपूस तुकडा आधी आत्यापुढे ठेवायची. सुरुवातीला दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या. मग एकदा आत्याने तिच्या फाटक्या ब्लाउजवरून तिला चांगलं झापलं, ती हसली, आणि तिथून गाडी रुळावर आली. गल्लीतल्या बायका ब्लाउज टाकायला यायच्या. पोरं वाट सोडायची. कुणी वाकडा शब्द काढला नाही. खोटं कशाला बोला, इतका मान आत्याला स्वतःच्या गल्लीतही नव्हता.

पण पाहुणा म्हणतात ना, पहिल्या दिवशी पाहुणा, दुसऱ्या दिवशी पै आणि तिसऱ्या दिवशी याची अक्कल गेली कुठे! इथे तर वर्ष उलटून गेलेलं. कूस बदलली की दप्तराचा बंद कपाळाला लागायचा. पाणी प्यायला उठली तर माठ कुठल्या कोपऱ्यात हे अजूनही आठवावं लागायचं. आंघोळीला जाताना विचारून जायचं, रडू आलं तर नळ सोडून रडायचं. तिला तिचं दार हवं होतं, आतून कडी लावता येईल असं. जिन्याखालचं तिचं दुकान धूळ खात पडलं होतं. आणि ते घर, ती गच्ची, ती दोरी दिवसभर डोळ्यासमोर. दूर असतं तर विसरली तरी असती.

दोनदा तारीख ठरली होती. नर्सबाईंचा नियम कडक: तारीख ठरल्यावर दोन्हीकडे काहीही बिघडता कामा नये, साधी काच फुटली तरी तारीख रद्द. "काच फुटली की तारीख फुटली," असंच पोरं म्हणायची. आणि व्हायचं काय, की नेमकी काचच फुटायची! पहिल्यांदा खालच्या गल्लीतल्या लाँड्रीची. आत्याने बांधलेलं गाठोडं सोडलं. दुसऱ्यांदा बेकरीची. पुन्हा सोडलं. दोन्ही वेळा आळ वरच्या गल्लीवर, वरची गल्ली म्हणणार तुम्हीच फोडली असेल, चारआठ दिवस धुसफूस. पण पाहुणे जागच्या जागी, म्हणून कुणी हात उचलला नाही. त्या अर्थाने नर्सबाईंची युक्ती फळली होती. आत्याचं काय, आत्या आहेच.

बेकरीची काच फुटली तेव्हा आत्या झाडू घेऊन गेली होती. काचांच्या ढिगात तिला एक पोलादी छर्रा सापडला, सायकलच्या चाकात असतो तसला. तिने तो गुपचूप उचलून आपल्या बटणांच्या डबीत टाकला. दगड नाही म्हणजे गलोल, हे तिला कळलं. गलोलीतलं तिला कुणी शिकवायला नको. गच्चीवरच्या वाळवणावर कबुतरं बसायची तेव्हा ती स्वतः गलोल चालवायची आणि तिचा नेम अख्ख्या वरच्या गल्लीत नावाजलेला. वर्कशॉपमध्ये दोन्हीकडची पोरं काम करायची, तेव्हा छर्ऱ्यावरून कुणाचं नाव घेणार? तिने मनातल्या मनात बोक्यावर शिक्का मारून टाकला. पोराच्या डोळ्यांतच लबाडी होती. आणि ठरवून टाकलं, या खेपेला मुद्देमालासकट पकडायचं.

रविवारी सेंटरमध्ये ड्रायव्हरमामा भेटला. पोट चांगलं सुटलं होतं त्याचं.

"काय मामा, सामान बांधलं का?"

"कसलं सामान बाई," मामा कान खाजवत म्हणाला. "तुमच्या गल्लीत डाव अर्धा राहिलाय. आणि घरी सून वाट बघतीये म्हणे. वाट बघतीये की डोळे वटारून बसलीये, कोण जाणे."

"तुमचं आपलं बरं आहे."

"तुम्हाला नाही करमत का तिकडे? एवढं करतात तुमचं."

करतात, म्हणूनच तर आत्याला तोंड उघडता येत नव्हतं. वाईट वागवलं असतं तर बाईने कधीच चौक दणाणून सोडला असता.

तर आता उद्याची तारीख. गाठोडं बांधून खाटेखाली सरकवलेलं. शिलाई मशीन झाकून दाराशी ठेवलेलं. सकाळी कामाला जाताना बेकरीवाली दारात घुटमळली. म्हणाली, "उद्या पाव किती आणू? एकटीला किती लागतो ते आठवतच नाही बघ."

"अगं, मी काय परदेशात चाललेय? समोर तर आहे."

"हो, समोरच," ती म्हणाली आणि चप्पल घालून गेली.

दुपार झाली. चौकात चिटपाखरू नाही. पोरं कामावर नाहीतर शाळेत, लाँड्रीवाला पंख्याखाली घोरतोय. आत्या गॅलरीत चादर वाळत घालून तिच्यामागे स्टूल टाकून बसली होती. सेंटरसमोर एक टेम्पो उभा होता. त्याच्यामागे काहीतरी हललं. आत्याने चादर बाजूला केली. आधी एक कोपर दिसलं, मागे ताणलेलं. मग चेहरा दिसला. नेम धरताना जिभेचं टोक ओठाच्या कोपऱ्यातून बाहेर काढायची सवय तिने एकाच माणसात पाहिली होती, आणि "जीभ आत घे, तुटेल" म्हणून त्यालाच किती वेळा टपली मारली होती.

सेंटरची मोठी काच खळ्ळकन खाली आली.

काखेत कळसा आणि गावाला वळसा! आत्या स्टुलावर तशीच बसून राहिली. लाँड्रीवाला ओरडत बाहेर आला, माणसं धावली, कुणीतरी नर्सबाईंना हाक मारली. टेम्पोमागे आता कुणी नव्हतं. मग ती उठली, पदर खोचला आणि जिना उतरून सरळ सेंटरच्या मागच्या दाराने वर्कशॉपमध्ये गेली.

ढाण्या एका सायकलचं चाक उलटं धरून फिरवत होता. कपाळाला घाम.

"काढ," आत्या म्हणाली.

"काय?"

"गलोल काढ. शर्टात खुपसलीयस ती. एवढा घोडा झालास आणि गलोल खेळतोस?"

त्याने काढून दिली. चामड्याचा पट्टा तिनेच शिवलेला होता, दुहेरी टाक्याचा, त्याच्या लहानपणी. तिने ती हातात घेतली आणि टायरांच्या चळतीवर बसली.

"लाँड्रीची पण तूच?"

"हो."

"बेकरीची?"

"हो." त्याने चाक थांबवलं. "आत्या, ओरडू नकोस. बाहेर ऐकू जाईल."

"ओरडू नको? अरे, मी तिकडे दिवस मोजतेय आणि तू... का रे? मी काय वाईट केलं तुझं? घर एकट्याला पाहिजे होतं का तुला? तसं तोंडाने सांगायचंस!"

"घराचं नाही गं." तो खाली बघत राहिला. "तू परत आलीस ना, की दुसऱ्या दिवशी पोरं माझ्या दारात येणार. म्हणणार, चल ढाण्या, आता काय अडचण आहे? रोज विचारतात. मी रोज एकच सांगतो, आत्या तिकडे आहे. एवढं म्हटलं की सगळे गप्प बसतात. मला कुणी भित्रा म्हणत नाही."

"मग तू काय शूर आहेस?"

"नाही," तो म्हणाला. "त्या दिवशी पण नव्हतो. सगळे म्हणतात मी बेकरीवालीच्या पोराला धरायला धावलो. मी पळत होतो, आत्या. तो माझ्यासमोर पडला आणि मी त्याच्या अंगावरून उडी मारून पळालो. पोरांनी काहीतरी भलतंच बघितलं आणि मला ढाण्या केला. मला कुणाशी भांडायचं नाही. मला सायकली दुरुस्त करायच्यात. तू तिकडे आहेस म्हणून मी इथे नीट आहे."

आत्याला पोराची कीव आली आणि त्याच्या कानाखाली जाळही काढावासा वाटला, दोन्ही एकदम. तिने हात उचलला देखील. मग आठवलं, पाहुणे आहेत तोवर हात उचलायचा नाही. तिने तो खाली घेतला.

"तुला तिथे बरं चाललंय ना?" त्याने विचारलं. "ती चांगलं वागवते ना तुला?"

"वागवते की. म्हणून काय मी जन्मभर दुसऱ्याच्या मेलेल्या पोराच्या खाटेवर झोपू?"

तो रडायला लागला, नाक ओढत, लहान असताना रडायचा तसाच. बाहेर आवाज वाढत होते. आत्याने पदराने त्याचं तोंड पुसलं. करते काय, आपलेच दात आणि आपलेच ओठ.

"ऐक. नर्सबाई आत्ता सगळ्यांना बसवतील. मी तुझ्या शेजारी बसते. बॅट हातात आली की जे मला सांगितलंस ते सांगून टाक. सगळं सांग. भित्रा म्हणतील, म्हणू देत. त्याने कुणी मरत नाही."

"बोका मारेल मला."

"मी मध्ये आहे ना. सांगशील?"

त्याने मान हलवली. आत्याने गलोल आपल्या पिशवीत, बटणांच्या डबीशेजारी टाकली.

संध्याकाळ व्हायच्या आत सेंटर गच्च भरलं. फुटलेल्या खिडकीतून ऊन सरळ आत येत होतं, तरी कुणी सरकायला तयार नाही. एका अंगाला वरची गल्ली, दुसऱ्या अंगाला खालची. ड्रायव्हरमामा पत्ते खिशात कोंबून आलेला. बेकरीवाली कामावरून तशीच आलेली, हाताला पीठ. आत्या सगळ्यांच्या देखत वरच्या गल्लीच्या बाजूला जाऊन ढाण्याच्या शेजारी बसली.

नर्सबाई थकल्यासारख्या दिसत होत्या. "तारीख फुटली हे सांगायला नको," त्या म्हणाल्या. "पण आज कुणी फोडली ते मला कळायला हवं. ही काच कुठल्या गल्लीची नव्हती. ही सगळ्यांची होती."

बॅट फिरायला लागली. कुणी म्हणालं, यांचंच काम. कुणी म्हणालं, तुम्हीच असाल. मग ती बोक्याच्या हातात आली. बोक्याने खिशातून छर्रा काढून सगळ्यांना दाखवला.

"हा आत सापडला. वर्कशॉपमधला आहे. दुपारी वर्कशॉप बंद असतं. किल्ली कुणाकडे असते?"

सगळ्या माना ढाण्याकडे वळल्या. खालच्या गल्लीतली दोघंतिघं अर्धवट उठली. वरच्या गल्लीतल्यांनीही बाह्या सरसावल्या.

"बसा!" नर्सबाई ओरडल्या. "बॅट नसताना कोण उठलं?"

"बसतो बाई," बोका म्हणाला. "पण आज हे कळल्याशिवाय मी घरी जायचा नाही. आमचा मामा परत द्या, तुमची आत्या परत न्या. मग काय व्हायचं ते होऊ दे."

त्याने बॅट पुढे दिली. ती सरकत सरकत ढाण्याकडे आली. त्याने ती दोन्ही हातांनी धरली. आत्याने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. बोल रे बाळा, ती मनात म्हणत होती. एकदा बोल, मग मी आहे आणि हे सगळे आहेत. त्याने बॅट उलटी केली, सुलटी केली. ओठ हलले. सगळं सेंटर त्याच्या तोंडाकडे बघत होतं. मग त्याने, आत्याकडे न बघता, बॅट तिच्या मांडीवर ठेवली.

बॅट घामाने ओली होती. आत्याने तिच्याकडे पाहिलं. खरं सांगावं तर हे पोर आज इथून धड घरी जात नाही, आणि याच्यासाठी वरची पोरं उठली की गेल्या वर्षभराचं सगळं पाण्यात. गप्प बसावं तरी तेच. इकडे आड, तिकडे विहीर. दोन्ही काठांवर तिचीच माणसं उभी.

"मी फोडली," ती म्हणाली.

"काय?" नर्सबाईंना वाटलं, आपल्या ऐकण्यात काही चूक झाली.

"बहिऱ्या झालात का? मी फोडली म्हणते. लाँड्रीची मी, बेकरीची मी, ही पण मीच. माझ्या गॅलरीतून." तिने पिशवीतून गलोल काढून मध्ये टाकली, डबीतला छर्रा काढून तिच्याशेजारी टाकला. "हा बेकरीतला. जपून ठेवला होता. माझा नेम कसा आहे ते वरच्या गल्लीला विचारा. आणि किल्लीबिल्ली काही लागत नाही, छर्रे या वर्कशॉपमध्ये जमिनीवर पसरलेले असतात, झाडतो कोण मेला?"

"पण का, आत्या?" नर्सबाई म्हणाल्या.

आता खोटं बोलायचं तर पुरतं बोलायला हवं. अर्धवट शिवण उसवतेच.

"मला जायचं नव्हतं," ती म्हणाली. "तारीख ठरली की माझ्या पोटात गोळा यायचा. तोंडाने कसं सांगणार? माणसं काय म्हणतील? म्हणून फोडल्या."

मग ड्रायव्हरमामा असा हसला की त्याच्या खिशातले पत्ते खाली पडले. "अहो, मग आधी बोलायचं ना! मी पण इथे कण्हत कुथत सामान बांधतोय!" लाँड्रीवाला हसला. पोरं हसायला लागली, दोन्हीकडची, एकमेकांकडे बघून. बाह्या खाली आल्या. बोका हातातला छर्रा बघत राहिला, मग त्यानेही मान हलवली. "काय म्हातारी आहे," तो म्हणाला. "आणि आम्ही इथे एकमेकांचे गळे धरत होतो."

बेकरीवाली हसत नव्हती. ती गोल ओलांडून आली आणि आत्यापुढे जमिनीवर बसली. पिठाच्या हातांनी तिने आत्याचे दोन्ही हात धरले.

"मला वाटलं फक्त मलाच तसं वाटतं," ती म्हणाली. "खरं सांगते आत्या, तारीख आली की मी रोज मनात म्हणायचे, फुटू दे गं काहीतरी. फुटू दे आणि ही राहू दे. बेकरीची काच फुटली तेव्हा सगळे शिव्या देत होते आणि मी आत भट्टीपाशी जाऊन रडले, आनंदाने. माझीच मला लाज वाटली होती. आणि तू पण! तू पण तेच!"

ती आत्याच्या मांडीवर डोकं ठेवून रडायला लागली. मुलगा गेल्यापासून तिला असं रडताना कुणी पाहिलं नव्हतं. नर्सबाईंनी चष्मा काढून पुसला. आत्याचे हात अडकलेले होते. तिने मान वळवून ढाण्याकडे पाहिलं. अजूनही वेळ गेली नव्हती. अजूनही त्याने नुसतं "आत्या, खोटं का बोलतेस" म्हटलं असतं तरी चाललं असतं. तो मध्ये पडलेल्या गलोलीकडे बघत होता. आणि त्याच्या खांद्यांवरून मोठं ओझं उतरलेलं तिला स्पष्ट दिसलं.

पुढचं सगळं झरझर झालं. नर्सबाईंनी जाहीर केलं की आता तारीखबिरीख काही नाही, ज्याला जिथे राहायचंय त्याने तिथे सुखाने राहावं. काच फोडल्याची शिक्षा म्हणून आत्याने सेंटरमध्ये दोन्ही गल्ल्यांच्या पोरांना शिवण शिकवायचं, यावर टाळ्या पडल्या. बोका आणि त्याच्या दोस्तांनी दाराशी ठेवलेलं मशीन उचलून पुन्हा खिडकीपाशी नेऊन ठेवलं. जाताना बोका दारात थांबला. आजवर त्याने तिला कधी कुठल्या नावाने हाक मारली नव्हती.

"आत्या," तो म्हणाला, "काही लागलं तर सांग. तू काय आता पाहुणी नाहीस. आमचीच आहेस."

"हो रे," आत्या म्हणाली.

ती गॅलरीत येऊन उभी राहिली. समोरच्या गच्चीवर ढाण्या आला होता. निळा शर्ट केव्हाच वाळला होता, तरी त्याने तो दोरीवरून काढला, बाह्या आत घालून नीट उलटा केला आणि पुन्हा वाळत घातला. चिमटे लावले. मान एकदाही वर केली नाही. ती हाक मारेल म्हणून घाबरल्यासारखा लगबगीने खाली गेला. आत्याला शिवी आठवली, आशीर्वाद आठवला, आणि दोन्ही घशातच राहिले. तिला फार एकटं वाटलं.

आत बेकरीवाली गुणगुणत होती. आत्याने वळून पाहिलं. गाठोडं सोडलेलं होतं, साड्यांच्या घड्या फळीवर रचून झाल्या होत्या. खाटेवरच्या खिळ्याला दप्तर नव्हतं. ते बेकरीवालीने पुसून, बंद गुंडाळून, वरच्या फडताळात ठेवलं होतं. खिळ्याला आता आत्याची शिवणाची टेप लटकत होती.

"उद्या पाव नेहमीएवढाच आणते," बेकरीवाली उशी थोपटत म्हणाली. "ये आत्या, पड जरा. तुझी खाट झाडून ठेवलीय."

इतके दिवस ती 'त्याची खाट' म्हणायची.

"आले," आत्या म्हणाली आणि आत गेली.